जुन्याच रंगाची रेसर

गेल्या दसऱ्याला सकाळी मी स्टीलची एक जुनी रेसर सायकल तिचे मूळ मालक असलेल्या काकांना दाखवायला कल्याणला नेली. ती दिव्याच्या भंगारवाल्याकडे मिळाली होती. काकांनी तरुणपणी तिच्यावर शर्यती जिंकल्या होत्या. डोंबिवलीचे मित्र नवा रंग दे म्हणत होते. मी फक्त गंज काढला, चाकं सरळ केली. काकांना ती आपली वाटेल का, एवढीच धाकधूक होती.

त्यांनी दांडीवरचा पोचा अंगठ्याने चाचपला.

"हा का नाही काढलास?"

"तुमचा आहे, काका."

"माझा कसला रे, शीळफाट्याच्या बैलगाडीचा."

मग त्यांनी हँडलला झेंडू बांधला, कुंकू लावलं, सीट जरा खाली करून घेतली आणि सोसायटीला एक फेरी मारून आले.