अंगणातला कॉम्प्युटर

आमच्या डेमॉन्स्ट्रेटर सरांइतका हुशार, आणि तरी स्वतःच्या निर्बुद्धपणाचा अभिमान बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आठवडाभर ते रत्नागिरीच्या कॉलेजात फिजिक्सची उपकरणं सांभाळायचे आणि रविवारी सकाळी स्वतःच्या अंगणात कॉम्प्युटर व्हायचे. "आता मला अक्कल नाही," असं जाहीर करून ते लेंगा सावरत उभे राहिले, की आमचा वर्ग सुरू. ओटीवरून सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "हे जाहीर कशाला करायला हवं?"

ऐंशीनंतरची ती वर्षं. खरा कॉम्प्युटर आम्ही चौघा विद्यार्थ्यांनी पाहिला नव्हता, आणि सरांनीही. त्यांच्याकडे कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेचं, मुंबईहून मागवलेलं एक पुस्तक होतं, तेवढंच. सारवलेल्या अंगणात रांगोळीने चौकोन आखायचे, त्यात काजूच्या बिया मांडायच्या, ती मेमरी. आमचा प्रोग्राम हातात धरून सर चौकोनांतून हिंडायचे आणि कागदावर असेल तेवढंच करायचे. शेजारीपाजारी सुरुवातीला कुंपणाशी जमायचे. पुढे तेही कंटाळले.

बी.एस्सी. झालेल्याला तेव्हा दोनच वाटा होत्या: बी.एड. करून मास्तर व्हा, नाही तर बँकेची परीक्षा द्या. तिसरी वाट समजावायला सर मुद्दाम आमच्या घरी, लांज्याजवळच्या गावात आले. "कंपन्यांना आपलं विज्ञान नको असतं," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "विज्ञानाने घासलेलं डोकं हवं असतं." वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोकं देऊ वो, पन नोकरी कायम हाय ना?" सरांनी फणसाचा आणखी एक गरा उचलला.

एकदा मी मासळीच्या टोपल्या मोजायचा प्रोग्राम लिहिला आणि थांबायचं कधी ते लिहायला विसरलो. सर शेवटच्या चौकोनापर्यंत गेले, परत पहिल्याकडे आले, परत निघाले. अर्धा तास झाला, ऊन चढलं. मी म्हटलं, "सर, थांबा!"

"थांबा असं लिहिलंयस कुठे?" म्हणत ते चालतच राहिले.

शेवटी काकू उतरल्या आणि त्यांनी हातातला कागद काढून घेतला. "वीज गेली असं समजा. भात निवतोय." सर मुकाट्याने पाटावर बसले.

मग मुंबईच्या एका कंपनीची प्रोग्रामर हवेत अशी जाहिरात आली. मी आणि सर, आम्ही दोघांनीही अर्ज केला. मला बोलावणं आलं, सरांना वय जास्त म्हणून नकार. "बरं झालं, मुंबईची हवा मला मानवत नाही," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. नकाराचं पत्र मात्र त्यांनी नीट घडी घालून कोबोलच्या पुस्तकात ठेवलं होतं.

मुलाखतीला ते माझ्याबरोबर आले. कंपनीच्या दारात म्हणाले, "एक कर. कोणाकडे शिकलास असं विचारलं तर माझं नाव सांग. मी नाही तर नाव तरी आत जाऊ दे."

विचारलं. समोर टाय बांधलेले तिघे बसले होते. मला ते अंगण आठवलं, त्या काजूच्या बिया आठवल्या, आणि लाज वाटली. "दादरच्या क्लासात," मी म्हटलं.

बाहेर सर उभेच होते. "विचारलं?"

"हो सर. तुमचंच नाव सांगितलं."

"मग?"

"लिहून घेतलं त्यांनी."

परतीच्या एसटीत रत्नागिरीजवळचा हातखंबा येईपर्यंत सरांचा डोळा लागला नाही. कंडक्टरलाही त्यांनी ही हकीगत ऐकवली. नोकरी मला लागली, टिकली, वाढली. सर निवृत्त झाले तेही प्रयोगशाळेतूनच. खऱ्या कॉम्प्युटरला त्यांचा हात लागला की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा काकूंना भेटायला गेलो. त्यांनी चहा पुढे केला. "अरे, मुंबईच्या कंपनीत आपलं नाव लिहून ठेवलंय, हे येईल त्याला सांगायचे हो. अगदी शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनासुद्धा. तू केलंस ते पोटच्या पोराने केलं नसतं."

मी खरं सांगायलाच गेलो होतो. चहा संपवला, नमस्कार केला आणि निघालो.