चुकांचा बोर्ड

नोटाबंदीच्या वर्षी तलासरीच्या एका कार्यालयात तो रांगेत माझ्यापुढे उभा होता. सायवनकडचा, चाळिशी ओलांडलेला, डहाणूच्या वाड्यांत चिकू तोडणारा. तरुणपणी मात्र तैवानात पगारावर बेसबॉल खेळलेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. एक शाळा त्याला खेळ शिकवायला घेणार होती, म्हणून खेळाडूचा दाखला हवा होता.

पोराच्या वयाचा कारकून म्हणाला, "पगार घ्यायचास ना? मग ती नोकरी झाली. खेळाडू कसला तू?" आणि त्यानं फाईल सरळ भिरकावली!

हा गुडघ्यांत वाकला आणि जमिनीलगत दोन्ही हातांनी ती अलगद झेलली. एकही कागद सांडला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तुम्ही बोलत का नाही?"

"भाऊ, तिथं माझ्या हातून बॉल सुटला की लगेच मोठ्या बोर्डावर चूक लागायची. सगळं मैदान बघायचं. इथं बोर्डच नाही."

तो गेला. कारकुनानं माझ्या कागदांसाठी हात पुढे केला. दाखला मलाही हवा होता. मी त्या पोराला 'साहेब' म्हणालो.