पाच कट्टैच्या जरा वर

माझ्या बायकोच्या मामांइतका घरगुती वस्तूंचा आवाज मनावर घेणारा माणूस आख्ख्या कावेरीकाठी दुसरा नसेल. लोक फ्रिज घेताना रंग बघतात, किंमत बघतात. मामा दुकानात फ्रिजला कान लावून उभे राहतात. मिक्सर कुठल्या सुरात किंचाळतो, ग्राइंडर कुठल्या सुरात फिरतो आणि दोघं एकदम लावले तर त्यांचं जमतं की नाही, यावर त्यांची ठाम मतं आहेत. एका लग्नात ते भर पंगतीतून उठले आणि मांडवामागच्या जनरेटरपाशी जाऊन बसले. मुलीकडच्यांना वाटलं, सांबार बिघडलं. वडीलधारी मंडळी हात जोडत मागोमाग गेली, तेव्हा मामा इथल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "जेवण फार बरं आहे. पण नादस्वर एका श्रुतींत, हा जनरेटर दुसऱ्या श्रुतींत. तिथें दोन्ही आइकूं येतात. इथें एकच येतो." शेवटी त्यांचं केळीचं पान जनरेटरशेजारी मांडलं आणि मामा तिथे पायसमपर्यंत व्यवस्थित जेवले.

मी मूळचा मिरजेचा. इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलो आणि इथलाच जावई झालो. ओळख करून दिली तेव्हा मामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिरजेचे? तंबोऱ्यांच्या गांवचे? आणि शिकवतांत फिजिक्स?" एका माणसात एवढं सगळं मिळेल अशी त्यांना अपेक्षा नव्हती. खरं तर मी जन्मात तंबोऱ्याला हात लावलेला नाही, आणि सोल्डरिंगची काडी हातात आली तर नेमका तापलेल्या टोकाला धरतो. हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. पण नवा जावई कौतुकाला नाही म्हणत नाही. दुसऱ्याच संध्याकाळी जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीतून जावयाला बोलावणं आलं, "माप्पिळ्ळैला पाठवून दे. पेटी बघायची आहे."

पेटी म्हणजे मामांचा बेस गिटारचा अँप्लिफायर. मामांनी नोकरी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत केली, पण ती बसचा पास मिळावा म्हणून केल्यासारखी. त्यांचं खरं आयुष्य एका लाइट म्यूझिकच्या ट्रूपमध्ये गेलं. कोविलच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवात, लग्नात, स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात ते बेस वाजवत उभे असायचे. "बेसवाल्याकडे कोण्ही पाहत नाहीं," ते सांगतात. "तो थांबला तरच पाहतात." त्या काळातली ही व्हॉल्व्हची पेटी, उचलायला दोन धडधाकट माणसं लागणारी. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू लाल होतात, आणि ते होईपर्यंत मामांच्या घरात बोलायची बंदी आहे. तापलेल्या पेटीवर ते काफीचा डबरा, म्हणजे खोलगट वाटी, ठेवतात. काफी शेवटच्या घोटापर्यंत गरम राहते, हा त्या पेटीचा मला पटलेला एकमेव उपयोग.

त्या दिवशी व्हॉल्व्ह लाल झाले आणि पेटीतून घूं असा आवाज यायला लागला. गिटार जोडलेली नव्हती, तरीही. "आइकलांत कां?" मामा म्हणाले. "दोन आहेत. एक जाडा, एक बारीक. जाडा अत्तां आला आहे, तो काढा. बारकाला हात नको." मी हसलो. अँप्लिफायरमधलं अर्धं हमिंग काढून अर्धं जपून ठेवायला सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. मामा हसले नाहीत.

मग आमचं शोधकार्य सुरू झालं. पंखा बंद, फ्रिज बंद, ट्यूबलाइट बंद. शेजारच्या बाईंना ऐन इडलीच्या पिठाच्या वेळी ग्राइंडर थांबवायला लावला. जाडा आवाज ढिम्म. मग मामांना अर्थिंगचा संशय आला. परसात अर्थिंगचा जो खड्डा आहे त्यात ते रोज मीठ घालून बादलीभर पाणी ओतायला लागले. "काय लावलं आहे मामांनी?" शेजारच्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, आणि बायकोने मला. मीठ घालून वाढणारं झाड कुठलं, हे मलाही सांगता आलं नाही. शेवटी एकेक व्हॉल्व्ह काढून बघता बघता गिटार जोडतात त्या बाजूचा काढला आणि जाडा आवाज गप्प झाला. त्याचं सॉकेट सैल होतं. मामांनी ते घट्ट केलं, आणि मी विजयाच्या भरात आत बोट दाखवलं. बारीक आवाजाचं मूळ तर उघडच दिसत होतं. वीज गाळून घेणारा मोठा कपॅसिटर म्हातारा होऊन वरून फुगला होता. "हा बदलला की झालं, एकदम शांत!" मामांनी माझं बोट धरून बाजूला केलं. "शांत कोणाला पाहिजे आहे?" म्हणाले.

ते का, हे मला घरी बायकोने सांगितलं. मामी गाणं शिकवायच्या. गाणाऱ्याची पट्टी इकडे कट्टैत सांगतात. मामींची पाच कट्टै. मामांचा बेस त्यांच्या लेखी नुसतं दुम दुम. एका संध्याकाळी त्यांची सतत एकच सूर धरणारी श्रुतीपेटी बंद पडली, समोर ही पेटी घुमत होती. मामी तिच्यासमोर चटई टाकून बसल्या आणि त्या घुमण्यावर सूर धरून आख्खं वर्णम गायल्या. मग म्हणाल्या, "तुमची पेटी माझ्याहून जरा वर आहे. असूं दे." तेव्हापासून ही पेटी लावून त्या जरा वरच गायल्या. मामांना त्यांनी कधी साथीला बोलावलं नाही, आणि मामांनी कधी विचारलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकायचे. मामी गेल्या, चटई तशीच राहिली. दिवेलागणीला मामा देवापाशी दिवा लावतात आणि मग पेटी लावतात.

मी त्यांना माझ्या परीने समजावलं. विजेची लहर सेकंदाला पन्नास, पेटीत ती दुप्पट होते, आणि शंभर म्हणजे पाच कट्टैच्या केसभर वर. मामा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे अस्क्या गांवच्या विजेंत तिची श्रुती आहे?" हो, सगळ्या गावच्या, मी म्हटलं. ते चप्पल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरखाली बराच वेळ उभे राहिले.

पण कपॅसिटर कोणाच्या भावना बघत नाही. तो तसाच ठेवला तर एक दिवस पेटीचा ट्रान्सफॉर्मर जाळणार, आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही. हे बोललो म्हणून मामांनी मला काही दिवस बोलावलंच नाही. बायकोने त्यांच्या फोनवर श्रुतीचं अॅप घालून दिलं, पाच कट्टै, अगदी अचूक. मामांनी ऐकून फोन परत दिला. "अॅप बरोबर आहे. ती तिथें गात नव्हती." मग मी पेटीचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा सूर काही झेपेना. आळीपाळीने कान लावून आम्ही ऐकलं. त्यात पंखा होता आणि माझा खोकला होता.

एका संध्याकाळी गेलो तर खोलीत जळका वास होता. मामांनी स्वतःच प्लग काढून ठेवला होता. "आणा तो नवा," म्हणाले. मी आणला. सोल्डरिंग त्यांनी केलं, मी टॉर्च धरला. बटण दाबलं, व्हॉल्व्ह लाल झाले, आणि काहीच झालं नाही. दुसरा कोणी आनंदाने नाचला असता. "चालू आहे नां?" मामांनी विचारलं. मी कान लावून हो म्हटलं. गल्लीतली रिक्षा ऐकू आली, कावळे ऐकू आले, लांबून टाउन बसचा हॉर्न आला. ते घर किती रिकामं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

मामा उठले. कपाटामागून त्यांनी गिटार काढली, पुसली, पेटीला जोडली. सगळ्यात बारीक तार पाच कट्टैच्या सुरात लावली आणि मग खुंटी आणखी थोडी पिळली. "जरा चढली," मी म्हटलं. इतकं आता मलाही कळायला लागलं होतं. "चढूं दे," म्हणाले. मामींच्या चटईच्या मागे, मैफलीत तंबोरा धरणारा बसतो तिथे, ते बसले आणि त्यांनी तार छेडली. सूर विरत आला की पुन्हा छेडायची. मला वाटलं, आता काहीतरी वाजवतील. त्यांनी दुसऱ्या तारेला बोटसुद्धा लावलं नाही. "इतकी वर्षें पेटीनें धरली," डोळे मिटूनच ते म्हणाले. "अत्तां मी धरतों."

पेटीवर ठेवायची राहिलेली काफी गार झाली तरी ते छेडत होते. मी निरोप न घेता उठलो आणि दार हळू ओढून घेतलं. गाणं चालू असताना मधून उठणाऱ्याने बोलायचं नसतं.