सगळ्यांचे श्वास अठरा

माझी बायको पाचोडच्या एका दवाखान्यात नर्स होती. आम्ही राहायचो शहरात, क्रांती चौकामागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. बाजाराच्या दिवशी मला सुट्टी असली की तिच्याबरोबर एसटीनं पाचोडला जायचो. ती कामाला लागायची आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर पुस्तक उघडून बसायचो. पुस्तक फारसं पुढे सरकायचं नाही. आतलं बोलणं जास्त चांगलं असायचं.

एकदा एक म्हातारी दंडाला पट्टा बांधू देईना.

"बाई, मला बीपी नाय. बीपी माझ्या जावेला हाय."

"मावशी, बीपी सगळ्यांना असतो," बायको म्हणाली. "ज्याला नसतो त्याला आपण पोचवून येतो."

बाकावरची माणसं हसली. म्हातारीही हसली, आणि तेवढ्यात पट्टा बांधून झाला होता.

त्याच दिवशी तिनं एका माणसाचं मनगट खूप वेळ धरून ठेवलेलं मी पाहिलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, नाडी बघायला इतका वेळ लागतो का?

"नाडी कधीच मोजून झाली होती. मग श्वास मोजत होते."

"मग तसं सांगायचं त्याला."

"अहो, सांगितलं की माणूस साधा श्वास घेतच नाय. कुणी छाती फुगवतं, कुणी दम धरून बसतं. बोट मनगटावर ठेवायचं आणि डोळा पोटावर. त्याला वाटतं नाडीच चाललीय."

हे मोजणं कंटाळवाणं असतं, पूर्ण मिनिट लागतं, म्हणून पुष्कळ जण ते करतच नाहीत. आधीच्या पाळीचे केसपेपर चाळताना ती वैतागायची. "सगळ्यांचे श्वास अठरा! बाळंतिणीचे अठरा, दमेकऱ्याचे अठरा. आख्खं गाव कवायत करतंय व्हय?" न मोजता लिहायचा आकडा म्हणजे अठरा. आमच्या घरात तो शब्दच होऊन गेला. मी उत्तरपत्रिका जरा भराभर तपासल्या की ती चष्म्यावरून बघायची. "अठरा लिहिताय वाटतं."

ती निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी तिचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. दोनदा ती शहरातल्या एका दवाखान्यात राहून आली. दुसऱ्यांदा घरी आल्यावर म्हणाली, "आता मला परत नेऊ नका. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभी राहिले. आता माझ्या खाटेवर राहू द्या."

मी नाही म्हणायला धजलो नाही, आणि हो म्हणणंही जमेना. कारण निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बोटाला लावायचं यंत्र लावत जा, पण त्यातला ऑक्सिजनचा आकडा उतरायच्या आधी बहुधा श्वास वाढतील. मिनिटाला पंचवीसच्या वर गेले तर थांबू नका. वेळेवर आणलं तर बरंच काही करता येतं.

मी एक वही घातली. दिवसातून चार वेळा तिच्या खाटेजवळ बसायचो, मनगट हातात घ्यायचो.

"नाडी बघताय?"

"हो."

"बघा." ती डोळे मिटायची.

मी बोट मनगटावर ठेवून तिच्या पदराकडे बघायचो. पदर शांतपणे वर यायचा, खाली जायचा. अठरा. दुपारी अठरा. संध्याकाळी सतरा, पुन्हा अठरा. मी वहीत लिहायचो आणि मला हलकं वाटायचं. लिहून झालं की ती म्हणायची, "जरा कोमट पाणी आणा." आयुष्यभर माठातलं पाणी पिणारी बाई कोमट पाणी मागू लागली, हे मला आजारपणातलं वाटलं.

असे नऊ दिवस गेले. मी खरोखर मोजत होतो, म्हणून त्या आकड्याचा मला संशय आला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी उशांना टेकून तिचा डोळा लागला. मी शेजारी वाचत होतो. पानाच्या कडेपलीकडे पदर फार लवकर लवकर हलताना दिसला. मनगटाला हात न लावता मी घड्याळ बघितलं. चौतीस. परत मोजले. चौतीसच.

ती जागी झाली तेव्हा मी गाडीसाठी फोन करत होतो.

"किती?" तिनं विचारलं.

"चौतीस."

"झोपेत मोजले?"

"हो."

"लबाड." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "शिकलात म्हणायचं."

"आणि ते सगळे अठरा?"

"तुमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. त्या मापानं घेतले." ती खिडकीकडे बघत राहिली. "नेणार मला?"

"नेतो."

ती रुसली नाही. "मग माझा चष्मा घ्या बरोबर," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात ती पाच दिवस होती. सहाव्या दिवशी सकाळी गेली. आठवडाभर आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही, सर." त्यांनी काहीतरी नक्की सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

परवा भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढलो आणि धाप लागली. तिच्या खाटेवर बसलो. समोर घड्याळ धरलं आणि तिच्यासारखे मिनिटाला अठराच श्वास घ्यायचं ठरवलं. अर्धं मिनिटही झालं नाही. छाती ऐकेना, तोंड आपोआप उघडलं. मी निरोगी माणूस, नुसते जिने चढून आलेला.

घसा कोरडा पडला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. माठ भरलेला होता, पण हात सवयीनं पातेल्याकडे गेला. पाणी गॅसवर ठेवलं आणि तिथंच उभा राहिलो. कोमट व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती खोलीत एकटी असायची, आणि तिला हवा तसा श्वास घेता यायचा.