काही न लावणारी सून

या ग्रुपमध्ये माझ्या सासरचं कोणी नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या गालांवर वांगाचे डाग आहेत. मला बघायला आले तेव्हा मी मिनरल पावडर लावली होती. तिचं सगळे कौतुक करतात ते खरं आहे. हलकी बसते, घाम आला तरी थर दिसत नाही, लावलीय हेच कळत नाही. तिथेच फसले. सासूबाई मोरिवलीभर सांगत सुटल्या, "आमची सून तोंडाला कायच लावत नाय." चार वर्षं मी रोज सगळ्यांच्या आधी उठते आणि बाथरूमची कडी लावून पावडर लावते.

आज नणंदेला बघायला येणार होते. सासूबाई तिला म्हणाल्या, "वहिनीसारखी साधी बस." तिच्या गालांवर पिंपल्सचे डाग. ती रडत माझ्या खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, "वहिनी, ती डबी काढ ना. मला पहिल्यापासून माहितीये."

मी लावून दिली.

पाहुणे खूश झाले. निघताना मुलाची आई म्हणाली, "आम्हाला अशीच पाहिजे होती, काही न लावणारी."

नणंद माझ्याकडे बघतच राहिली.

सांगा, मी तिला सोडवलं की अडकवलं?