ताईचं परस्पर लावलेलं लग्न

माझं शिलाईचं दुकान आणि ताईचं पुस्तकांचं दुकान यांच्यामध्ये एका विटेची भिंत आहे. तिच्याकडे कुणी खोकलं तरी मला कळतं, आणि मी चिडून कात्री आपटली की ती पलीकडून विचारते, "आज कुणाची पँट?" बावीस वर्षं झाली. मी लोकांचे कपडे उसवून मापाला आणते, ती नवी पुस्तकं विकते. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे, तिच्या भावाचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही.

ताई अठ्ठावन्न वर्षांची. ठेंगणी, गळ्यात दोरीला चष्मा, हाताला कायम कागदाचा वास. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणतात. दुकानात शिरलं की समोर एक लांब टेबल. डाव्या हाताला नव्या कादंबऱ्या, उजव्या हाताला नवी आत्मकथनं, आणि मधे वीतभर रिकामी जागा. त्या जागेवर कुणी छत्री ठेवलेली तिला चालत नाही, पुस्तक तर लांबच. "डावीकडचे लोक खोटं सांगायची परवानगी काढून बसलेत," ती म्हणते. "उजवीकडच्यांना ती परवानगी नाही."

टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकातून एक पिवळी चिठ्ठी डोकावते, ताईच्या हस्ताक्षरातली. गिऱ्हाईक आधी चिठ्ठी वाचतं, मग पुस्तक उघडतं. एकीवर लिहिलं होतं, 'पहिली साठ पानं रटाळ आहेत. नेटानं काढा.' दुसरीवर, 'नवऱ्याला भेट देऊ नका, त्याला स्वतःचं वर्णन वाटेल.' एका बाईच्या आत्मकथनावर होतं, 'ही स्वतःलाही सोडत नाही, म्हणून माझा हिच्यावर विश्वास बसला.' मी जन्मात पुस्तकाच्या वाटेला न गेलेली बाई, पण चिठ्ठ्या वाचता वाचता कधी पुस्तकं वाचायला लागले ते मलाच कळलं नाही.

चिठ्ठीचा नियम एकच. शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय चिठ्ठी नाही. एकदा एका प्रकाशकाचा माणूस तासभर खुर्ची अडवून बसला होता, एवढी एक चिठ्ठी द्या म्हणून. ताई म्हणाली, "मी तीनशे चाळिसाव्या पानावर आहे. पुढे लेखकानं शेण खाल्लं तर तुम्ही निस्तरणार का?" तो चहा पिऊन गेला.

गावोगावी अशी स्वतंत्र, छोटी अकरा दुकानं आहेत, ताईचं धरून. ती सगळी मिळून दर महिन्याला एक पत्रक काढतात. प्रत्येक दुकानदारानं एक नवी कादंबरी किंवा आत्मकथन सुचवायचं, खाली तीन ओळी आणि सही. लोक ते पत्रक कापून पाकिटात ठेवतात. ताईच्या तीन ओळींवर डोळे मिटून पुस्तक घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि याच ताईनं आयुष्यात एकदा नियम मोडला. धाकट्या भावासाठी.

धाकटा म्हणजे तिचा जीव की प्राण. वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, शिकवला, लांबच्या मोठ्या शहरात पाठवला. त्यानं आईवर आत्मकथन लिहिलं. प्रकाशकानं छापायच्या आधी दुकानदारांना चवीपुरती पहिली पन्नास पानं पाठवली. त्यात दोघांचं लहानपण होतं. ताईनं ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचली, दोनदा थांबून चष्मा पुसला तिनं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पत्रकाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तिनं लिहून टाकलं, 'आईवर इतकं खरं मी आजवर वाचलेलं नाही.' खाली सही. पत्रक छापून अकरा गावी गेलं. भावाच्या वाचनाचा कार्यक्रमही ठरला, तिच्याच दुकानात, शनिवारी दुपारी चार वाजता.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना अख्खं पुस्तक आलं. मी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते. पलीकडून दुपारभर चिडीचूप. शेवटी मी उठून गेले. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पुस्तक मांडीवर पालथं.

"माझं लग्न झालंय," ती म्हणाली.

"काय?"

"दीडशेव्या पानावर. परस्पर लावून दिलंय. मला बोलावलंसुद्धा नाही."

मी पान उघडून वाचलं. बहीण लग्न करून परदेशी गेली. मग आईची नजर गेली, आईनं अंथरूण धरलं, आणि मुलगा सगळं सोडून परत आला. सहा वर्षं त्यानं आईला कूस बदलून दिली, भरवलं, पुसलं, उशाशी बसून पुस्तकं वाचून दाखवली. गरम पाण्याच्या पिशवीचं बूच निघून मनगट भाजल्याचा डागसुद्धा त्यानं स्वतःच्या हातावर घेतला होता. तो डाग कुणाच्या मनगटावर आहे ते मला विचारा. मीच त्याला मलम लावलं होतं.

ती सहा वर्षं आई ताईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होती. ताई चादर बदलायची तेव्हा आईला मी धरायचे. धाकटा त्या सहा वर्षांत दोनदा आला. दुसऱ्या वेळी दोन तास थांबला आणि खोलीत वास येतो म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "येऊ दे शनिवारी. त्याच्या बाह्या एकमेकींना शिवून टाकते."

ताई हसली नाही. तिनं भावाला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"ताई, अगं, लिहिताना असं करावं लागतं," तो म्हणाला. "संपादक म्हणाले, त्या खोलीत दोन माणसं नकोत. एकच ठेवा."

"मग मला ठेवायचंस."

"पुस्तक मी लिहितोय ना. आणि भावना खऱ्याच आहेत गं. मनानं मी तिथेच होतो."

"आई मनानं कूस बदलत नव्हती," ताई म्हणाली. "कादंबरी म्हण याला. मी डोक्यावर घेऊन नाचेन."

"आता छापून झालंय. आणि तूच तर लिहिलंस, इतकं खरं वाचलं नाही म्हणून."

घाव वर्मी बसला होता. भावानं लग्न लावलं ते लावलं, पण त्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही तिचीच होती, आणि ती अकरा गावांत वाटली गेली होती. तिच्या शब्दावर विसंबून लोक ते पुस्तक घरी नेणार होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तो खोटं बोलला ते मी एक वेळ गिळेन. पण मी न वाचता बोलले. आता मी मूग गिळून बसले तर उद्या माझी चिठ्ठी कुणी का वाचावी?"

संध्याकाळच्या आत तिनं दहाही दुकानांना पत्र लिहिलं. दोन ओळींचं. 'मी फक्त पन्नास पानं वाचून शिफारस केली, चूक माझी. माझ्या तीन ओळी मागे घेते, दुकानात तसं लावावं.' मग तिनं भावाच्या पुस्तकाचा गठ्ठा उचलला, रिकामी वीत ओलांडली आणि डाव्या हाताला, नव्या कादंबऱ्यांत नेऊन ठेवला. प्रत्येक प्रतीत नवी चिठ्ठी घातली: 'कादंबरी म्हणून उत्तम. हिच्यातल्या बहिणीचं लग्न झालेलं नाही. ती इथेच बसते, विचारा.'

मग काय, गल्लीभर चर्चा. प्रकाशकाच्या माणसानं आधी लाडीगोडी लावली, मग कार्यक्रम रद्द करू म्हणाला. ताई म्हणाली, "खुर्च्या सांगितल्यात. वाचकांना चार वाजता बोलावलंय, चारलाच होईल." दोन दुकानांनी तिचं पत्र दाराला लावलं, एकानं ते फाडलं आणि तसं कळवलंही. मंगळवारी तिची आत्या आली, ऐंशीची, काठी टेकत.

"घरातलं घरात मिटवायचं सोडून चव्हाट्यावर काय आणतेस?" आत्या म्हणाली. "भाऊ आहे तुझा. त्याचं नाव होतंय तर होऊ दे. तुझं काय जातंय?"

"सहा वर्षं जातायत, आत्या."

"लोकांना काय करायचंय, आईचं कुणी केलं ते?"

"लोकांना काही करायचं नाही. मला करायचंय." आत्याला तिनं हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षात बसवलं, आणि परत येऊन चिठ्ठी वाचणाऱ्या एका बाईला ती प्रत बांधून दिली. पुस्तक विकायचं नाही असं ती एकदाही म्हणाली नाही, हे लक्षात घ्या.

शनिवारी पंचविसेक माणसं आली. मी मशीन बंद करून पहिल्या रांगेत बसले, मुद्दाम. धाकटा छान कपडे घालून आला, कोटाच्या बाह्या अर्धा इंच लांब होत्या. त्यानं टेबल पाहिलं. आपलं पुस्तक कुठे ठेवलंय ते पाहिलं, चिठ्ठी काढली, वाचली आणि परत आत घातली. मला वाटलं, आता हा पाय आपटत निघून जाणार. पण बाहेर जायच्या वाटेवर ताई उभी होती. "बस," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

त्यानं पहिल्या पन्नास पानांतलंच वाचलं. सुरेख वाचलं. टाळ्या पडल्या, ताईनंही वाजवल्या. मग ताईच म्हणाली, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

इस्पितळातली एक परिचारिका नेहमी येते, कामावरून थेट. तिनं पुस्तक दुसरीकडून घेतलं होतं, म्हणून चिठ्ठी वाचली नव्हती. पुस्तक मात्र पूर्ण वाचून आली होती. तिनं साध्या मनानं विचारलं, "शेवटच्या दिवसांत आईंना तुम्ही काय वाचून दाखवत होतात? त्याचं नाव लिहिलेलं नाही. मला आमच्या पेशंटांसाठी हवं होतं."

धाकटा म्हणाला, "बरंच काही." मग म्हणाला, "कविता वगैरे." परिचारिका वही उघडून पेन धरून बसली होती. "कुठल्या?" ती म्हणाली.

त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं त्याला काहीही सुचवलं नाही. ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी त्या माणसाला दहा दिवस शिव्या घातल्या होत्या, पण त्या क्षणी त्याचा चेहरा माझ्यानं बघवेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो तिथे. ताईला विचारा."

परिचारिकेनं वहीसकट मान वळवली. ताई म्हणाली, "पुस्तक नव्हतं. शेवटी शेवटी तिला लांबलचक गोष्ट लक्षात राहायची नाही. मी पत्रं वाचायचे. ह्याची."

"मी कुठे इतकी पत्रं लिहिली?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"चार लिहिलीस. ती तिला पाठ झाली. मग पुढची मी लिहायचे, तुझ्या नावानं. दर सोमवारी एक. बाकी सगळं मी खरं सांगेन, पण ती कादंबरी होती, आणि ती मी लिहिली."

मग त्यानं विचारलं, "काय लिहायचीस?"

"येतोय," ताई म्हणाली. "या आठवड्यात नक्की येतोय."