जगाचं रुखवत आणि आत्याबाईंचे चिरोटे

मालूताई, खोकला बसला का? कल्याणच्या वहिनी, गुडघा काय म्हणतो? ठाकुर्लीच्या कुसुम, बाळाचा ताप उतरला ना? पत्र वाचून नेहमीसारखं पुढे धाडा.

आज सकाळपासून जिवाला घोर लागलाय. पुढच्या रविवारी आपण मुंबईला देशोदेशींच्या पदार्थांचं प्रदर्शन बघायला जायचं ठरवलंय, ते आमच्या आत्याबाईंना कळलं. माझ्या या आत्येसासूबाई सोवळ्यातल्या, घराबाहेर पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणाल्या, "अगं, रुखवतच की ते! नुसतं बघायचं. मीही येणार."

"आत्याबाई, तिथं लोक..." मी सांगायला गेले.

"तूप कुठं ठेवलंस ते सांग आधी!"

तिथं लोक खातात, अंडी-मटणही असतं, हे ओठांवरच राहिलं. दुपारी पाहते तर डबाभर चिरोटे!

"सगळे देश मांडणार, मग आपलं काही नको? आता आपलंही राज्य आहे म्हटलं."

इतक्या वर्षांत त्या हौसेनं कुठं निघालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. खरं सांगितलं तर घरीच बसतील. न सांगता नेलं तर तिथं काय होईल?

तुम्ही काय केलं असतंत? लवकर लिहा गं. त्यांनी ठेवणीतलं लुगडंसुद्धा उन्हात टाकलंय.